मुंबईत व्हायची संस्था अहमदाबादला कशी गेली?

#थ्रेड

११ डिसेंबर १९६१ रोजी अहमदाबादेत एका संस्थेची नोंदणी झाली. ती झाली संस्था नोंदणी कायद्याखाली, म्हणजे एखादे वाचनालय किंवा व्याख्यानमाला ज्या कायद्याखाली नोंदवली जाते, त्याच कायद्याखाली. संस्थेला विद्यापीठाचा दर्जा नव्हता, स्वतःची इमारत नव्हती, पदवी देण्याचा अधिकारही नव्हता. कामकाज शाहीबाग भागातील एका बंगल्यातून सुरू झाले. संस्थेचे नाव होते इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट.

आज या नावाभोवती जे वलय आहे ते पाहता एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. पश्चिम भारतातील या संस्थेसाठी प्रथम पुढे आलेले नाव अहमदाबादचे नव्हते. ते मुंबईचे होते, आणि तसे असणे सर्वथा स्वाभाविक होते. बंदर मुंबईत, शेअर बाजार मुंबईत, टाटांचे मुख्यालय मुंबईत, देशातील सर्वांत जुन्या तीन विद्यापीठांपैकी एक मुंबईत. मग हातातोंडाशी आलेला हा घास निसटला कसा?

उत्तर शोधण्यासाठी बरेच मागे जावे लागते. थेट एकोणिसाव्या शतकातील कापड गिरण्यांपर्यंत.

त्या काळी भारतात कंपनी चालवणारा 'मॅनेजर' ही स्वतंत्र जात नव्हती. कंपनी भागधारकांची असे, पण ती चालवण्याचा करार एखाद्या पेढीकडे असे. तिला मॅनेजिंग एजन्सी म्हणत. एकेक पेढी अनेक कंपन्या हाकत असे: कलकत्त्यात तागाच्या गिरण्या, कोळशाच्या खाणी आणि चहाचे मळे एकाच इंग्रज पेढीच्या ताब्यात; मुंबईत कापडाच्या गिरण्या पारशी, भाटिया वा गुजराती घराण्यांच्या पेढ्यांकडे.

या पेढ्यांचा मोबदला कसा ठरे, हे पाहण्यासारखे आहे. मुंबईतील आरंभीच्या अनेक गिरण्यांत एजंटाला उत्पादनाच्या दर पौंडामागे पाव आणा कमिशन मिळे. उत्पादनाच्या, नफ्याच्या नव्हे! बाजारात सुताला गिऱ्हाईक असो वा नसो, चात्या फिरत राहिल्या की एजंटाची कमाई चालू. भागधारक बुडाला तरी एजंट तरलेला. व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गात मालक आणि प्रतिनिधी यांच्या हितविरोधाचा सिद्धांत आज शिकवला जातो. त्याचे इतके उघडेवाघडे उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

अपवाद होतेच. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, तेव्हा तिच्या कारभारासाठी त्यांनी निवडलेले बेझनजी मेहता हे रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातील अधिकारी होते. गिरणीचा त्यांना काडीचाही अनुभव नव्हता. जमशेटजींनी माणूस पाहिला, त्याचा धंदा नाही. पुढे हीच गिरणी नव्या रिंग चात्यांच्या प्रयोगासाठी आणि कामगारांच्या सोयींसाठी नावाजली गेली. पण अशी पारख एखाद्या जमशेटजींपाशी असते. ती शिकवावी कशी, हा प्रश्न त्या काळी कोणी विचारत नव्हते. मुलगा वडिलांच्या गादीवर बसून शिके, नाहीतर इंग्रज 'साहेब' विलायतेहून करार करून येई.

शिकवण्याचे प्रयत्न मुंबईत झाले, पण ते हिशेबनिशीचे. १९०० साली सोहराबजी दावर यांनी वाणिज्य शिक्षणाचे महाविद्यालय काढले. १९१३ साली सिडनहॅम कॉलेज उभे राहिले आणि मुंबई विद्यापीठाची वाणिज्य शाखेची पदवी तिथे मिळू लागली. (याच कॉलेजात १९१८ ते १९२० या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते.) मराठी वाचकापुरते पाहिले तर उद्योगाचे धडे त्याला कॉलेजपेक्षा मासिकांतूनच अधिक मिळाले. १९२० साली 'किर्लोस्कर खबर' या नावाने निघालेले नियतकालिक मूळचे एका कारखान्याचे होते, हे अनेकांना ठाऊक नसते.

तरीही हिशेब ठेवणे वेगळे आणि कारखाना चालवणे वेगळे. हा फरक विद्यापीठीय शिक्षणात प्रथम ठळकपणे मांडला तो अमेरिकेने. १८८१ साली लोखंड आणि निकेलच्या धंद्यात श्रीमंत झालेल्या जोसेफ व्हॉर्टन यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला एक लाख डॉलर दिले आणि व्हॉर्टन स्कूलचा जन्म झाला. १९०० साली डार्टमथ येथे टक स्कूल निघाले. ते पदव्युत्तर पातळीवरचे पहिले. १९०८ साली हार्वर्डने बिझनेस स्कूल काढले आणि एम.बी.ए. हे नाव रूढ होऊ लागले. इतिहासाच्या चाहत्यांना सुखावणारी गोष्ट अशी की, हार्वर्डच्या या शाळेचे पहिले प्रमुख एडविन गे हे उद्योगपती नव्हते, हिशेबनीसही नव्हते. ते आर्थिक इतिहासाचे अभ्यासक होते.

पण शिकवायचे काय? कायदा शिकवायला निवाडे असतात, वैद्यक शिकवायला रोगी असतात. धंदा शिकवायला काय असते? सुरुवातीला हार्वर्डचीही चाचपडच होती. १९१९ साली वॉलेस डोनम प्रमुख झाले. ते हार्वर्डमध्येच कायदा शिकलेले आणि पेशाने बँकर. हार्वर्डच्या कायदा शाळेत १८७० च्या दशकापासून प्रत्यक्ष निवाडे समोर ठेवून शिकवण्याची पद्धत होती. डोनम यांनी तीच धंद्याला लावली. खऱ्या कंपनीपुढे उभा राहिलेला खरा पेच काही पानांत मांडायचा. उत्तर द्यायचे नाही. वर्गात येण्यापूर्वी प्रत्येकाने ठरवायचे की त्या खुर्चीत आपण असतो तर काय केले असते. मग वर्गात त्यावर वाद. हीच पुढे जगभर गाजलेली 'केस' पद्धत.

ही पद्धत वरवर सोपी वाटते. प्रत्यक्षात ती फार महागडी आहे. प्रत्येक केससाठी कोणीतरी कंपनीत जाऊन कागद पाहावे लागतात, माणसांशी बोलावे लागते, आणि कंपनीने आपले पेच परक्याला दाखवावे लागतात. ज्या देशात वही सख्ख्या भावालाही दाखवायची नाही असा धंद्याचा रिवाज, तिथे हे कसे जमायचे?

आता पुन्हा भारत. १९५६ साली दुसरी पंचवार्षिक योजना सुरू झाली. भिलाई, राउरकेला, दुर्गापूर येथे पोलादाचे प्रचंड कारखाने उभे राहू लागले. यंत्रे रशियाकडून, जर्मनीकडून, ब्रिटनकडून आणता येत होती. पण हजारो माणसांचा कारखाना चालवणारे लोक कुठून आणायचे? मॅनेजिंग एजन्सीची पद्धत बदनाम झाली होती (पुढे एप्रिल १९७० मध्ये ती कायद्याने बंदच झाली), आणि सनदी अधिकाऱ्याला जिल्हा चालवता येतो म्हणून भट्टीही चालवता येईल असे नाही.

काही प्रयत्न सुरू झाले होते: जमशेदपूरची झेवियर संस्था १९४९ ची, कलकत्त्यातील समाजकल्याण व व्यवसाय व्यवस्थापन संस्था १९५३ ची, हैदराबादचे ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेज १९५६ चे. पण अखिल भारतीय पातळीवरची, पूर्णवेळ पदव्युत्तर शिक्षण देणारी संस्था हवी, असा विचार दिल्लीत मूळ धरत होता. त्याला पैशाचे आणि ओळखीपाळखीचे बळ देणारी संस्था तिथेच होती: फोर्ड फाउंडेशन. तिचे भारतातील प्रतिनिधी डग्लस एन्समिंजर यांचा त्या काळात नेहरूंपर्यंत थेट राबता होता. शीतयुद्धाचा काळ. पोलाद रशियन तर व्यवस्थापन अमेरिकन, अशी ही वाटणी; तिच्यात राजकारण नव्हते असे कोणी म्हणू नये.

१९५९ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील बिझनेस स्कूलचे जॉर्ज रॉबिन्स भारतात आले. त्यांच्या अहवालातील कळीचा मुद्दा एकच होता. संस्था स्वायत्त हवी. सरकारी खाते नको आणि विद्यापीठाचा विभागही नको. अभ्यासक्रम, परीक्षा, नेमणुका, पगार हे सारे तिला स्वतः ठरवता आले पाहिजे.

इथे एक गंमत नोंदवण्यासारखी आहे. त्याच १९५९ साली अमेरिकेत दोन मोठे अहवाल प्रसिद्ध झाले, त्यांपैकी एक फोर्ड फाउंडेशननेच करवलेला. दोन्हींचा सूर असा की अमेरिकेतील बहुसंख्य बिझनेस स्कूलांचे शिक्षण उथळ आहे, संशोधन कच्चे आहे, विद्यार्थी सामान्य आहेत. म्हणजे भारत ज्या वस्तूची मागणी करत होता, तिच्या दर्जाविषयी कारखानदारच तेव्हा साशंक होता!

असो. सरकारने एका संस्थेऐवजी दोन काढायचे ठरवले. पूर्वेला कलकत्ता आणि पश्चिमेला मुंबई, अशी सरळ विभागणी दिसत होती. कलकत्त्याचे जमले. नोव्हेंबर १९६१ मध्ये तिथली संस्था स्थापन झाली, तिला मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या स्लोन स्कूलचे साहाय्य मिळाले आणि हिंदुस्तान लिव्हरमधील के. टी. चंडी तिचे पहिले संचालक झाले.

मुंबईचे मात्र अडले. ते अडले रॉबिन्स यांच्या त्याच कळीच्या मुद्द्यावर, म्हणजे नव्या संस्थेचे विद्यापीठाशी नाते काय असावे यावर. मुंबई विद्यापीठाला १८५७ पासूनची परंपरा होती, वाणिज्य शाखा होती, आपल्या शहरातील उच्च शिक्षण आपल्या छत्राखाली असावे ही अपेक्षाही होती. ही अपेक्षा अवाजवी म्हणता येत नाही. शंभर वर्षे जुन्या विद्यापीठाच्या दारात एक सवतासुभा उभा राहतो, त्याला पैसा अधिक, पगार अधिक, आणि सिनेट वा परीक्षा मंडळाचे बंधन नाही. हे कोणत्या विद्यापीठाने आनंदाने मान्य केले असते? परंतु योजनेचा प्राणच स्वायत्ततेत होता. बोलणी लांबली. आणि बोलणी लांबली की दुसऱ्या कोणाला तरी संधी मिळते.

तो दुसरा कोणी म्हणजे विक्रम साराभाई.

१ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे विभाजन होऊन महाराष्ट्र आणि गुजरात ही राज्ये झाली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे फळ म्हणून मुंबई महाराष्ट्राला मिळाली. गुजरातला मुंबईचे बंदर मिळाले नाही, मुंबईचा शेअर बाजार मिळाला नाही, तयार राजधानीही मिळाली नाही. तात्पुरती राजधानी म्हणून अहमदाबादच वापरायचे होते. अशा नव्या राज्याला एखादी राष्ट्रीय संस्था किती मोलाची वाटली असेल याची कल्पना करता येते. पहिले मुख्यमंत्री डॉ. जीवराज मेहता यांची मुंबईशी जुनी ओळख होती. शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि के. ई. एम. रुग्णालय यांच्या जडणघडणीत त्यांचा मोठा वाटा होता, आणि मुंबई राज्यात त्यांनी मंत्रिपदही भूषवले होते. मुंबईने संस्था कशा उभारल्या हे त्यांनी आतून पाहिले होते.

साराभाईंनी सूत्रे हलवली, गिरणीमालक कस्तुरभाई लालभाई यांनी स्थानिक उद्योगपतींचे पाठबळ उभे केले, जीवराज मेहतांच्या सरकारने जमीन देऊ केली. केंद्र, राज्य, स्थानिक उद्योग आणि फोर्ड फाउंडेशन अशी चौघांची मोट बांधली गेली. त्यात कोणा एकाचे वर्चस्व राहू नये, हीच तर स्वायत्ततेची युक्ती होती.

एवढ्यावर थांबले तर हा वशिल्याचा आणि चपळाईचा विजय वाटेल. पण अहमदाबादपाशी आणखी एक गोष्ट होती. ती मुंबईपाशी तितकीशी नव्हती, आणि तिची चर्चा फारशी होत नाही.

१९१८ चा अहमदाबादचा गिरणी संप इतिहासाच्या विद्यार्थ्याला ठाऊक असतो. मजुरांची मागणी ३५ टक्के वाढीची, मालक २० टक्क्यांवर अडलेले. मालकांचे पुढारी अंबालाल साराभाई. मजुरांच्या बाजूने उभ्या त्यांच्याच भगिनी अनसूया साराभाई. मध्ये गांधीजी आणि त्यांचा तीन दिवसांचा उपवास. शेवटी लवादाने तोडगा निघाला. १९२० साली मजूर महाजन स्थापन झाले आणि तंटा लवादाने सोडवण्याची सवय त्या शहराला लागली. मुंबईत १९२८ साली गिरणी कामगारांनी केलेला प्रदीर्घ संप आणि त्यातून बळावलेली गिरणी कामगार युनियन, यांची वाट अगदी वेगळी होती. तुलना करताना एकाला शहाणे आणि दुसऱ्याला भांडकुदळ ठरवण्याचा मोह टाळावा. मुंबईच्या चाळींतील मजुराला लढण्याची कारणे पुष्कळ होती. मुद्दा एवढाच की अहमदाबादेत कारखान्यातील माणसामाणसांचे संबंध हा विचार करण्याजोगा विषय आहे, ही जाणीव मालकवर्गातील काहींना लवकर झाली.

अंबालाल यांचे चिरंजीव विक्रम १९१९ चे. केंब्रिजहून विश्वकिरणांच्या अभ्यासावर डॉक्टरेट मिळवून ते १९४७ साली परतले आणि त्याच वर्षी अहमदाबाद टेक्स्टाइल इंडस्ट्रीज रिसर्च असोसिएशन, म्हणजे 'अटिरा', उभी करण्यात गुंतले. मुंबईच्या गिरण्यांची अशीच संशोधन संस्था निघाली ती १९५४ साली. भौतिकशास्त्रज्ञ साराभाईंना कापडाचे ज्ञान बेताचेच होते. पण धाग्याच्या प्रयोगशाळेबरोबर माणसांचीही प्रयोगशाळा हवी, हे त्यांना उमगले होते. अटिरात मानसशास्त्राचा विभाग निघाला आणि त्याची जबाबदारी आली कमला चौधरी यांच्याकडे.

कमला चौधरी हे नाव या कहाणीत जितके ठळक असायला हवे तितके सहसा नसते. मिशिगन विद्यापीठातून सामाजिक मानसशास्त्रात डॉक्टरेट घेतलेली ही विदुषी पन्नासच्या दशकात गिरण्यांतून हिंडत होती. मुकादम आणि कामगार यांच्यातील संबंध, कामावरचे मनोधैर्य यांचा अभ्यास करत होती. त्या काळच्या गिरणीत एका स्त्रीने वही घेऊन प्रश्न विचारत फिरणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

त्याच सुमारास लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस साराभाईंच्या कॅलिको मिलमध्ये आले. तिथे नवे स्वयंचलित माग बसवले होते, पण उत्पादन वाढत नव्हते. राइस यांच्या लक्षात आले की यंत्रे जोडलेली आहेत, माणसे मात्र सुटीसुटी आहेत. कोणी फक्त तुटलेला धागा जोडतो, कोणी फक्त कांड्या भरतो, कोणी फक्त तेल देतो. कोणत्या मागासाठी कोण जबाबदार, याचा पत्ता नाही. त्यांनी सुचवले की ठरावीक मागांचा एक गट, एका लहानशा चमूकडे पूर्णपणे सोपवावा. सूचना पर्यवेक्षकांमार्फत कामगारांपर्यंत पोहोचली आणि त्यांनी वरून आदेश येण्याची वाट न पाहता आपापल्या टोळ्या स्वतःच जमवल्या. काही काळाने उत्पादन वाढले आणि कापडातील खराबी घटली. १९५८ साली राइस यांनी या प्रयोगावर पुस्तक लिहिले आणि अहमदाबादचा प्रयोग जगभरच्या व्यवस्थापनशास्त्रज्ञांच्या चर्चेत आला.

म्हणजे १९६१ साली अहमदाबाद केवळ जमीन घेऊन रांगेत उभे नव्हते. कारखान्यात शिरून प्रश्न विचारायचे आणि मालकाने ते विचारू द्यायचे, याचा सुमारे दशकभराचा सराव त्या शहराला होता. केस पद्धतीसाठी लागणारे भांडवल नेमके हेच.

अमेरिकन भागीदारही बदलला. रॉबिन्स यांच्या विद्यापीठाऐवजी हार्वर्ड पुढे आले. १९६२ पासून सुमारे पाच वर्षे हार्वर्डचे प्राध्यापक अहमदाबादेत आणि अहमदाबादचे तरुण शिक्षक हार्वर्डमध्ये, अशी ये-जा राहिली. साराभाई मानद संचालक; ते एकाच वेळी चार संस्थांत गुंतलेले. रोजचा गाडा ओढत होत्या कमला चौधरी: शिक्षकांची निवड, अभ्यासक्रमाची आखणी, हार्वर्डशी पत्रव्यवहार. याच काळात हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये स्त्रियांना दोन वर्षांच्या एम.बी.ए.ला पहिल्या वर्षापासून प्रवेशच नव्हता. तो मिळाला १९६३ साली, आठ विद्यार्थिनींना. सल्ला देणाऱ्या संस्थेच्या वर्गात बाई नाही आणि सल्ला घेणाऱ्या संस्थेचा कारभार बाईंच्या हाती, असे हे चित्र होते.

१९६४ साली पदव्युत्तर अभ्यासक्रमाची पहिली तुकडी दाखल झाली. तिच्यात कोइमतूरचा एक तरुण होता, सी. के. प्रल्हाद, पुढे जगातील अग्रगण्य व्यवस्थापन-विचारवंतांत त्याची गणना झाली. पण या विद्यार्थ्यांना दोन वर्षांनी जे हाती पडले ती पदवी नव्हती, पदविका होती. कारण साधे होते. पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठाचा आणि ही तर नोंदणीकृत संस्था. स्वायत्ततेची ही किंमत होती आणि ती जाणूनबुजून मोजली गेली. विद्यापीठाची मोहोर नसलेला कागद नोकरीच्या बाजारात चालेल का, अशी धास्ती त्या पहिल्या मुलांच्या घरी असणारच. तो चालला, इतका की पुढच्या पिढ्यांना त्यात काही उणे आहे याचाही विसर पडला. पदवी देण्याचा अधिकार या संस्थांना मिळाला तो थेट २०१७ च्या कायद्याने, जो ३१ जानेवारी २०१८ पासून अमलात आला.

लुई कान यांनी रचलेल्या विटांच्या इमारतींविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. बाळकृष्ण दोशी यांच्या पुढाकाराने हा वास्तुविशारद अहमदाबादला आला आणि बारा वर्षे येत राहिला. मार्च १९७४ मध्ये अहमदाबादहून परतताना न्यूयॉर्कच्या रेल्वे स्थानकात त्याला मृत्यूने गाठले. विषय मोठा आहे. तो स्वतंत्र थ्रेडचा.

इमारतीइतकीच महत्त्वाची रचना वेगळ्याच माणसाने केली. १९६५ साली पूर्णवेळ संचालक म्हणून रवी मथाई यांची नेमणूक झाली. वय ३८. शिक्षण ऑक्सफर्डचे, पण डॉक्टरेट नाही. कलकत्त्यातील कंपनीत नोकरी करून ते तिथल्या नव्या संस्थेत प्राध्यापक झाले होते. स्वतंत्र भारताचे अर्थमंत्री राहिलेले जॉन मथाई हे त्यांचे वडील. (वर्गीस कुरियन हे जॉन मथाईंचे भाचे, म्हणून रवी मथाईंचे आतेभाऊ.)

मथाईंनी कारभार शिक्षकांच्या हाती दिला. प्रवेश, अभ्यासक्रम, मूल्यमापन यांचे निर्णय शिक्षकांच्या समित्या घेत. संचालकाने त्यांना सरकार आणि मंडळ यांच्या दबावापासून राखायचे. आणि १९७२ साली, सर्व काही सुरळीत असताना, कोणी जा म्हटलेले नसताना, त्यांनी संचालकपद सोडले. ते कुठे गेलेही नाहीत. त्याच संस्थेत साधे प्राध्यापक म्हणून राहिले. नव्या संचालकाच्या हाताखाली, त्याच बैठकांत. ज्या देशात संस्थापक खुर्चीतच म्हातारे होतात, तिथे ही कृती एखाद्या राज्यघटनेच्या कलमाइतकी मोलाची ठरली.

पुढे काय केले त्यांनी? १९७५ पासून राजस्थानातील अजमेर जिल्ह्यातल्या जवाजा या दुष्काळी भागात जाऊन विणकर आणि चर्मकार यांच्याबरोबर काम सुरू केले. व्यवस्थापनाचे शास्त्र जर खरे असेल तर ते सर्वांत गरीब माणसाच्याही उपयोगी पडले पाहिजे, असा तो पडताळा होता. गोणपाट, गालिचे, चामड्याच्या पिशव्या. बाजार कुठे, दर कोण ठरवणार, व्यापाऱ्याशी कसे बोलायचे. केस तीच, फक्त कंपनी नव्हती.

कारण एक प्रश्न आरंभापासून संस्थेला छळत होता: हे सारे कोणासाठी? सरकारने पैसा दिला तो पोलाद कारखान्यांसाठी आणि देशाच्या विकासासाठी. संस्थेत शेती आणि सहकार यांवर अभ्यास करणारा गट सुरुवातीच्या वर्षांतच निघाला होता. पण पदविका घेऊन बाहेर पडलेली मुले वळली ती बहुतांशी खाजगी कंपन्यांकडे. कुरियन यांना ते बोचले आणि १९७९ साली त्यांनी आणंदला ग्रामीण व्यवस्थापनाची वेगळी संस्थाच काढली.

महाराष्ट्रात हाच प्रश्न निराळ्या रूपात उभा होता. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून पन्नासच्या दशकाच्या आरंभी सुरू झाला, आणि पाठोपाठ सहकारी कारखान्यांचे जाळे पसरले. हजारो शेतकरी सभासद मालक. त्यांचा कारखाना चालवणारा माणूस कोणत्या शाळेत तयार व्हायचा? १९६७ साली पुण्यात वैकुंठ मेहता यांच्या नावाने सहकारी व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था निघाली ती याच गरजेतून. अहमदाबादच्या झगमगाटात तिच्याकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही, ही खंत रास्त आहे.

आणि मुंबई? मुंबई रिकाम्या हाताने राहिली नाही. १९६३ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या साहाय्याने पवई परिसरात औद्योगिक अभियांत्रिकीचे प्रशिक्षण देणारी 'नायटी' ही राष्ट्रीय संस्था निघाली. १९६५ साली मुंबई विद्यापीठाने स्टॅनफर्डच्या सहकार्याने जमनालाल बजाज इन्स्टिट्यूट सुरू केली. विद्यापीठाच्या छत्राखाली आणि विद्यापीठाचीच पदवी देणारी, म्हणजे जशी मुंबईला हवी होती अगदी तशी. तिचे विद्यार्थी गेली कित्येक दशके देशातील बड्या कंपन्यांच्या शिखरावर आहेत; मुंबईचा मूळ आग्रह चुकीचाच होता असे म्हणणाऱ्याने हेही ध्यानात घ्यावे.

महाराष्ट्राला पहिले आय.आय.एम. मिळाले ते २०१५ साली, नागपुरात. एम्प्रेस मिलच्या गावी. मुंबईला मात्र आणखी आठ वर्षे थांबावे लागले. २०२३ साली संसदेने कायद्यात दुरुस्ती केली आणि पवईच्या त्याच 'नायटी'च्या फाटकावर नवी पाटी लागली: आय.आय.एम. मुंबई.